इर्माचा डावा हात

एल्डन प्रुइट मशीनसमोर आला की आधी खुर्ची ओढत नसे. दोन्ही हात खिशात घालून उभा राहायचा, काचेवरचं दरपत्रक एकदा नजरेखालून घालायचा आणि पुढे चालू पडायचा. आम्ही बाकीचे अजून चष्मे शोधत असायचो, तोवर पलीकडच्या रांगेतून त्याचा आवाज यायचा, "लुएला, बसू नकोस गं! चाराला चारच देतायत हे लुटारू!"

लुएला म्हणजे मी. लास वेगासमध्ये माझा सगळा जन्म टेबलाच्या पलीकडे उभं राहून लोकांना पत्ते वाटण्यात गेला. पाय थकले तेव्हा नोकरी सोडली, पाठोपाठ नवरा गेला, आणि मग रिकाम्या घरात बसवेना म्हणून मी व्हिडिओ पोकरच्या मशीनसमोर जाऊन बसायला लागले. इतकी वर्षं लोकांना हरताना पाहिलं होतं, तरी मीही इतरांसारखीच हरत होते. बोल्डर हायवेवरच्या कॉपर बकेट कसिनोत एक दिवस माझ्या खुर्चीमागे हा उंच, वाकलेला म्हातारा येऊन उभा राहिला.

"बाई, पत्ते तुम्ही वाईट खेळत नाही," तो म्हणाला. "पण या मशीनवर प्रत्यक्ष सेंट पीटर येऊन बसला तरी कंगाल होऊन उठेल."

"का बरं?"

"दरपत्रक वाचलंत?"

मी वाचलं नव्हतं. कुणीच वाचत नाही. आमच्या त्या खेळात दुर्री हुकमी असते, हव्या त्या पानाच्या जागी चालते. पाच पानं येतात, हवी ती धरायची, नको ती टाकून बदलून घ्यायची. मशीनं दिसायला सगळी सारखी. फरक फक्त दरपत्रकातल्या एका ओळीचा. चार सारखी पानं लागली की काही मशीनं पाच पट देतात, काही चार पट. पाच पट देणाऱ्यावर अचूक खेळलात, तर वर्षाकाठी घातल्यापेक्षा थोडंसं जास्तच हातात येतं. चार पट देणाऱ्यावर कसेही खेळा, मशीन तुम्हाला सावकाश खाऊन टाकतं. आता कसिनोवाले अशी चांगली मशीनं ठेवतात तरी कशाला? तर अचूक खेळणारे मूठभरच असतात. बाकीच्यांच्या चुकांवर त्यांची चूल पेटते.

पण ही मशीनं टिकत नाहीत. आज पाच असलेला आकडा उद्या चार झालेला असतो. म्हणून एल्डन रोज सकाळी फेरीला निघायचा, या कसिनोतून त्या कसिनोत. त्याने मला सोबत घेतलं, आणि माझ्यासारख्या आणखी काही एकट्यादुकट्यांना. बदल्यात कधी काही मागितलं नाही. तो आयुष्यभर नेब्रास्कातल्या एका गावात विम्याचा एजंट होता. माणसाला घाबरवून पैसे काढायचे दिवस संपले, आता कुणाचे तरी वाचवतो, असं म्हणायचा.

कॉपर बकेटमध्येच, नाश्त्याच्या हॉलशेजारच्या कोपऱ्यात, सहा मशीनं पाच पट देणारी होती. शहरातली बाकीची एकेक करून गेली, ती राहिली. तो कोपरा आमचं घरच झाला. सकाळी अंडी, हॅम, कॉफी आणि मग दुपारपर्यंत खेळ.

एल्डनची बायको इर्मा. ठेंगणी, गोरी, गावच्या शाळेत गाणं शिकवायची. तिला पत्त्यांचं वेड नव्हतं. नवरा बसतो म्हणून ती शेजारी बसायची आणि भयंकर खेळायची.

"इर्मा, ती राणी टाक."

"कशी टाकू? बिचारी एकटीच आलीय."

"अगं, ती बिचारी आपल्याला भिकेला लावेल!"

"लावू दे. तू आहेस ना भरून काढायला."

आम्ही सगळे हसायचो. एल्डन कपाळावर हात मारायचा, पण तिच्या चुकांचा हिशेब त्याने घरी कधी काढला नसणार, कारण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तितक्याच आनंदाने राणी धरून ठेवायची.

नवशिक्याला त्याचा एक धडा फार जड जायचा. दोन जोड्या आल्या तर एक टाकायची. इतर खेळांत दोन जोड्यांना काहीतरी मिळतं, इथे दमडी मिळत नाही. तरी माणसाचं मन होत नाही. "कुठली टाकू?" असं कुणी विचारलं की एल्डन म्हणायचा, "नाणं उडव. पण टाक."

तर एका सकाळी, वसंत नुकताच लागला होता, एल्डनच्या पडद्यावर दोन नव्व्या आणि दोन चव्व्या आल्या. मी त्याच्या डावीकडे बसले होते. त्याने चारही पानं धरली.

मला वाटलं बोट घसरलं. संधिवाताने त्याची बोटं वाकडी झाली होती. पण थोड्या वेळाने पुन्हा दोन जोड्या आल्या आणि पुन्हा त्याने दोन्ही धरल्या. मी माझ्या मशीनकडे वळले. माणसाचा एखादा दिवस वाईट असतो.

मग काही आठवड्यांनी त्याने दुर्री टाकली.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांना कसं सांगू? दुर्री कुणी टाकत नाही. दारू पिऊन तर्र झालेला ट्रकवालाही टाकत नाही. इस्पिकची दुर्री समोर होती, एल्डनने दोन राजे धरले आणि दुर्री सोडून दिली. माझ्या तोंडून नकळत आवाज निघाला. पलीकडे इर्माचे हात थांबले होते. एल्डनच्या पाठीमागून आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"काय झालं?" एल्डन म्हणाला. "दोघी अशा बघताय जसं काही कुणाचं मयत निघालंय."

"काही नाही," इर्मा म्हणाली. "कॉफी हवी का तुला?"

त्याच संध्याकाळी ती माझ्या ट्रेलरवर, म्हणजे माझ्या चाकांवरच्या घरी, आली. बाहेर धुळीचा वारा सुटला होता. डोक्याचा रुमालही न सोडता ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली आणि एका दमात तिने सांगितलं. डॉक्टरांनी हिवाळ्यातच स्मृतिभ्रंशाचं निदान केलं होतं. घरी येताना तो रस्ता चुकला होता, भलत्याच दारात किल्ली घालत बसला होता. मुलीला, ट्रूडीला, फोनवर आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारत होता.

"मला शिकव," ती म्हणाली.

"काय शिकवू?"

"खेळायला. एल्डन खेळायचा तसं. एक चूक नको."

"त्यापेक्षा त्याला आणू नकोस ना इर्मा. घरी बसा दोघं."

"घरी तो दिवसभर घाबरलेला असतो गं. संडास कुठे, दार कुठलं, ही बाई कोण. तिथे त्या खुर्चीत बसला की त्याचे हात शांत होतात. पण असाच खेळला तर नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगपर्यंत आमची सगळी पुंजी त्या मशीनच्या पोटात जाईल."

"मग त्यालाच विचार. त्याच्यासारखा शिकवणारा नाही."

"त्याला विचारलं तर का विचारतेय ते त्याला कळेल."

मी पत्त्यांचा जोड काढला. ती संध्याकाळी यायची, एल्डन लवकर झोपायचा तेव्हा. मी पाच पानं मांडायची, तिने काय धरायचं ते सांगायचं. पहिले काही दिवस फार वाईट गेले. राणीवरून आमचं भांडणही झालं. मग तिने तिची वाट शोधली. सगळे नियम तिने चर्चच्या एका चालीवर बसवले. एक दुर्री आली तर काय, दोन आल्या तर काय, एकाच रंगाची तीन पानं असतील तर काय, सगळं कडव्याकडव्यांनी. मी पानं मांडली की तिचे ओठ हलायचे, ती मनातल्या मनात गात त्या कडव्यापर्यंत जायची आणि बोट ठेवायची. पुढे पुढे ओठ हलायचेही थांबले. उन्हाळा लागला तोवर ती माझ्याहून चांगली खेळायला लागली होती. खोटं कशाला बोलू, मला थोडा हेवा वाटला.

मग ती कोपऱ्यात एल्डनच्या उजवीकडे अगदी खेटून बसायला लागली. उजवा हात आपल्या मशीनवर, डावा त्याच्या.

"हे काय?" एल्डन पहिल्या दिवशी कुरकुरला.

"तुझी बोटं दुखतात. पानं मी धरते, तू बदलायचं बटण दाब."

"आणि डोकं कुणाचं?"

"डोकं तुझंच. तू सांगत जा."

तो सांगायचा. "दुर्री धर. राजा टाक." कधी बरोबर असायचं, कधी नसायचं. नसलं तरी ती "हो" म्हणायची आणि तिचं बोट दुसऱ्याच बटणावर जायचं. पडद्यावर काय धरलं गेलं ते त्याला पुन्हा बघावंसं वाटत नसे. तो रुबाबात मोठं बटण दाबायचा, नवी पानं यायची, लागलं की मान डोलवायचा. मधूनच कुणी नवखा येऊन विचारायचा, मिस्टर प्रुइट, इथे काय करू? तर एखाद्या सकाळी असं चोख उत्तर द्यायचा की मला वाटायचं, डॉक्टरच चुकले असतील.

त्या उन्हाळ्यात पानंही त्यांच्यावर प्रसन्न होती. चार दुर्र्या लागल्या, पुन्हा लागल्या, एकाच रंगातला एक्का-राजा-राणी-गुलाम-दश्शी असा सगळा मेळही लागला. अचूक हाताला नशिबाची जोड मिळाली की कसिनोचे डोळे उघडतात.

ग्लेन ओकामोतो मशीन विभागाचा मॅनेजर होता. हवाई बेटांवरचा, हिलो गावचा. तिकडच्या रीतीने मोठ्या माणसांना आंटी, अंकल म्हणायचा. मी पत्ते वाटायचे तेव्हापासून तो मला ओळखायचा, माझा नवरा गेला तेव्हा त्याने फळांची टोपली पाठवली होती. एका सकाळी तो कोपऱ्यात आला आणि हळूच म्हणाला, "आंटी इर्मा, जरा आत येता?" इर्माने माझा दंड धरला. एल्डनसमोर अ‍ॅपल-पायची बशी ठेवून, वेट्रेसला त्याच्याकडे बघायला सांगून आम्ही गेलो.

ग्लेनच्या ऑफिसात खिडकी नव्हती. तो बराच वेळ पेन फिरवत बसला.

"नवे मालक आलेत, तुम्हाला माहीत आहे," तो म्हणाला. "ते आकडे बघतात. मशीनमध्ये घालायच्या कार्डांवर कोण किती जिंकलं ते दिसतं, त्यातलं एक त्यांच्या नजरेत आलंय. अंकलचं."

"त्याचं कार्ड," इर्मा म्हणाली.

"कार्ड त्यांचं. पण आंटी," त्याने पेन छताकडे केलं, "वर कॅमेरे आहेत. मी स्वतः बसून बघितलं. हात तुमचा आहे."

शाळेतली मुलगी पकडली जावी तशी इर्माने आपले हात मांडीत घेतले.

"कधीपासून असं आहे त्यांचं?" त्याने विचारलं.

"हिवाळ्यापासून."

त्याने पेन टेबलावर ठेवलं. मग पुढे वाकून भरभर बोलायला लागला, जणू कुणी येण्याआधी त्याला संपवायचं होतं. "ऐका. मला कुणावर तरी बंदी घालावीच लागेल, त्यातून सुटका नाही. पण ती मी तुमच्या एकट्यावर घालू शकतो. वर सांगतो की खेळणारी बाई होती, म्हातारा निरुपद्रवी आहे. अंकलला येऊ द्या. लुएला त्यांना घेऊन येईल. थोड्या पैशांवर बसतील, नाश्ता माझ्याकडून. कुणी त्यांना हात लावणार नाही."

मला तर हायसं वाटलं. "मी आणीन," मी म्हटलं. "रोज आणीन. इर्मा, हो म्हण."

इर्मा म्हणाली, "तो बसेल आणि चुकत राहील."

"पण त्याला कळणार नाही गं!"

"कोपऱ्यातल्या सगळ्यांना कळेल. ते बघतील आणि मान फिरवतील. आपण दोघींनी फिरवली तशी." मग ती ग्लेनकडे वळली. "आणि माझ्यावर बंदी का, म्हणून विचारलं तर काय सांगशील त्याला?"

"की तुम्ही फार चांगलं खेळता."

"मी?" ती हसली. "आधी तो पोट धरून हसेल. मग विचार करेल. सकाळी थोडा वेळ त्याला अजून विचार करता येतो रे ग्लेन. तो विचार करत करत तिथपर्यंत पोचेल."

ग्लेनने पेन पुन्हा उचललं.

"बंदी त्याच्यावर घाल," इर्मा म्हणाली. "त्याचं नाव घेऊन. तिथे, सगळ्यांसमोर."

"आंटी, एकदा घातली की मला मागे घेता येणार नाही. पाऊल ठेवलं तर पोलीस बोलवावे लागतील."

"माहीत आहे."

माझा संताप झाला. "डोकं फिरलंय का तुझं? त्याची एकच जागा उरलीय या जगात, आणि ती तू काढून घेतेस?"

"लुएला, ट्रूडीचं नाव त्याच्या डोक्यातून गेलं. घराचा रस्ता गेला. माझंही नाव जाईल. तो या हायवेवरचा सगळ्यात चांगला खेळाडू होता, एवढं तरी कुणीतरी त्याला तोंडावर सांगू दे, त्याला ऐकता येतंय तोवर."

ग्लेन उठला. खुंटीवरचा काळा कोट त्याने अंगात घातला, आरशात बघून टाय सरळ केला. इतका वेळ तो त्या ऑफिसात शर्टाच्या बाह्या दुमडून बसला होता.

एल्डन अ‍ॅपल-पाय संपवून आपल्या खुर्चीत येऊन बसला होता. ग्लेन त्याच्यासमोर उभा राहिला. एक सुरक्षारक्षक मागे उभा केला.

"मिस्टर एल्डन प्रुइट?" या वेळी त्याने 'अंकल' म्हटलं नाही.

"हो, मीच." एल्डनने टोपी मागे सारली.

"कॉपर बकेटच्या वतीने मी तुम्हाला कळवतो की यापुढे तुम्हाला इथे खेळता येणार नाही. या आवारात येताही येणार नाही."

"का? मी काय केलं?"

"काही वावगं नाही केलंत, सर. तुम्ही आमच्या मशीनपेक्षा चांगलं खेळता. आम्हाला तुम्ही परवडत नाही."

कोपऱ्यातल्या सगळ्यांचे हात बटणांवरून उठले होते. तिथली मशीनं गप्प झाली, लांबच्या रांगांतला खणखणाट तेवढा ऐकू येत होता. एल्डन हळूहळू उभा राहिला. मी त्याला कित्येक महिन्यांत इतका ताठ उभा पाहिलं नव्हतं. त्याने जाकिटाचं बटण लावलं.

"इर्मा, ऐकलंस?"

"ऐकलं."

"परवडत नाही म्हणतो." तो ग्लेनकडे वळला. "पोरा, फार उशीर केलास. तुझ्या जागी मी असतो, तर मला पहिल्याच वर्षी हाकललं असतं."

"चूक झाली, सर."

एल्डनने हात पुढे केला. ग्लेनने तो दोन्ही हातांत घेतला आणि जरा जास्तच वेळ धरला. मग सुरक्षारक्षक पुढे, मागे एल्डन, त्याच्या मागे इर्मा, अशी ती वरात दारापर्यंत गेली. आमच्यातला एक अबोल म्हातारा होता, माजी खलाशी, त्याने टोपीला बोटं लावली. एल्डनने मान झुकवून ती सलामी घेतली.

बाहेर डांबर वितळेल असं ऊन होतं. गाडीपर्यंत आलो, इर्माने दार उघडलं, आणि एल्डनने विचारलं, "आपण आत जातोय की बाहेर आलोय?"

त्यानंतरच्या त्यांच्या घरच्या सकाळी मी बऱ्याचदा पाहिल्या. तो उठायचा, दाढी करायचा, जाकीट घालून दारात उभा राहायचा.

"चल, उशीर झाला. जागा जातील."

"एल्डन, आपल्याला तिथे जाता येत नाही. तुझ्यावर बंदी घातलीय त्यांनी."

"बंदी? माझ्यावर? कुणी?"

"कसिनोने."

"का?"

"तू फार चांगलं खेळतोस म्हणून. परवडत नाही म्हणाले."

आधी तो गोंधळून तिच्याकडे बघायचा. मग चेहरा उजळत जायचा, खिडकीवरचा पडदा सारल्यासारखा. "असं म्हणाले? सगळ्यांसमोर?" आणि खुर्चीत बसून गुडघ्यावर थाप मारत हसायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा दाढी, पुन्हा जाकीट, पुन्हा तीच बातमी नव्याने. एकदा इर्माला ताप होता, तिच्याने एवढं बोलवेना, ती नुसतंच म्हणाली, "आज बंद आहे." तो जाकीट घालून संध्याकाळपर्यंत दाराशी बसून राहिला. त्यानंतर तिने कधी टाळलं नाही.

मग ती त्याला गाडीत घालून फेरीला न्यायची. चांगली मशीनं आता जवळपास उरलीच नव्हती. कॉपर बकेटमधलीही त्या शरदात गेली. तरी ती दोघं जायची, मीही जायचे. एल्डन खिशात हात घालून रांगांमधून चालायचा. खेळणं विसरला तरी दरपत्रक वाचणं तो फार उशिरा विसरला. एकदा किराणा दुकानात, आम्ही दूध घ्यायला गेलो होतो, दाराजवळ, वेगासमध्ये असतातच तशी, चार-दोन मशीनं होती आणि एक तरुण बाई कडेवर मूल घेऊन खेळत होती. एल्डन मागे उभा राहिला, वर बघितलं आणि भर दुकानात ओरडला, "चाराला चार! अहो बाई, उठा! इथे चोर बसलेत!" ती बाई घाबरली. कॅशियर धावत आला. इर्मा त्याला म्हणाली, "त्यांचं ऐका. या शहरात यांच्यापेक्षा जास्त कुणाला कळत नाही."

त्या बाईने मूल दुसऱ्या कडेवर घेतलं आणि खरंच उठली.

कोपरा सुटल्यावर एल्डन झपाट्याने खालावला, हे मला सांगितलंच पाहिजे. डॉक्टर म्हणाले, तसंही झालंच असतं. मला ते पूर्ण पटलेलं नाही. तिथे बसत राहिला असता, चुकत का होईना, तर कदाचित आणखी एक उन्हाळा इर्माला नावाने ओळखत राहिला असता. हे मी एकदा तिला बोलूनही दाखवलं. ती रागावली नाही. म्हणाली, "मी रोज रात्री तेच म्हणते स्वतःला. आणि सकाळी तो हसतो."

पुढच्या हिवाळ्यात तिच्याने त्याला उचलवेना तेव्हा त्याला शुश्रूषागृहात ठेवावं लागलं. तिथे तो बंदीचंही विसरला. इर्मा त्याला सांगायची, तो ऐकून घ्यायचा, नम्रपणे, परक्याची गोष्ट ऐकावी तसा. मार्चमध्ये तो गेला.

अंत्यविधीला ट्रूडी ओमाहाहून आली होती. तिला आईवडिलांचं हे वेगासचं खूळ कधी आवडलं नव्हतं. चर्चच्या पायऱ्यांवर ग्लेन काळा कोट घालून उभा होता. ट्रूडीने विचारलं, आपण कोण?

"मी तुमच्या वडिलांवर बंदी घातली होती," ग्लेन म्हणाला.

ट्रूडी त्याच्याकडे बघत राहिली. "म्हणजे ते खरं होतं? बाबा प्रत्येक रविवारी फोनवर तेच सांगायचे. मला वाटायचं, आजारामुळे बरळतायत. मी 'हो बाबा, हो बाबा' म्हणून फोन ठेवायचे."

"शंभर टक्के खरं. माझ्या नोकरीत मी खूप लोकांना बाहेर काढलंय. त्यांच्याइतका कुणी नव्हता."

ट्रूडी तिथेच पायरीवर बसली आणि रडायला लागली. इर्मा शेजारी उभी होती. तिने काही सांगितलं नाही. मीही नाही.

लोक पांगल्यावर ग्लेन इर्माजवळ आला. "आंटी, कागदावर बंदी फक्त अंकलच्या नावावर आहे. तुमचं नाव कुठेच नाही. पलीकडच्या कसिनोत माझा मित्र आहे, त्याच्याकडे दोन चांगली मशीनं आहेत, अजून कुणाला माहीत नाहीत. तुमच्यासारखा हात मी बघितला नाही. या शहरात तुम्ही आरामात राहाल."

इर्माने त्याच्या कोटाच्या बाहीवरचा धागा काढला. "ग्लेन, मला पत्ते कधी आवडलेच नाहीत रे."

उन्हाळ्याआधी तिने ट्रेलर विकला आणि ट्रूडीजवळ राहायला गेली. तिथल्या चर्चमध्ये लहान मुलांना गाणी शिकवते. आम्ही फोनवर बोलतो. आधी हवा, मग गुडघे, मग कोण गेलं. परवा तिने अचानक विचारलं, आपला तो कोपरा आता कसा दिसतो?

मी सांगितलं, मशीनं काढून टाकली, तिथे नाश्त्याचा हॉल वाढवलाय. आपण बसायचो तिथे सॅलडचा काउंटर आहे.



"सॅलड कसं असतं?" तिने विचारलं.

"बरं असतं," मी म्हटलं. "बीट जरा जास्त शिजवतात."